कंबर आणि मानेच्या दुखण्यावर कायरोप्रॅक्टिक उपचार घेताना

उत्तरायणाला, 14 आणि 15 जानेवारीला, दिवसभर गच्चीवर मान वर करून पतंग उडवल्यानंतर वडोदऱ्यातल्या बऱ्याच घरांत कुणाची ना कुणाची मान धरलेली असते, आणि नवरात्रातल्या नऊ रात्रींच्या गरब्यानंतर तीच पाळी कंबरेवर येते. एके काळी अशा वेळी इथली मंडळी जुम्मादादा व्यायाममंदिराची वाट धरत असत, कारण राजरत्न प्रो. माणिकराव हे जसे व्यायामाचे गुरू होते तसेच हाडवैद्य म्हणूनही त्यांचा लौकिक होता. आताची तरुण मुले मोबाइलवर मणके कडाकड वाजवून घेणाऱ्यांचे व्हिडिओ पाहतात आणि ‘हे करून घ्यावे का’ असे विचारतात. माझे उत्तर असे की कंबरेसाठी विचारपूर्वक जरूर घ्यावे, मानेसाठी फार जपून घ्यावे, आणि दोन्ही वेळी आधी तपासणी करून घ्यावी.

मणक्यांना हाताने दाब किंवा झटका देण्याच्या या उपचाराचा, म्हणजे कायरोप्रॅक्टिकचा, आरंभ 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी केला. मणके जागचे हलल्यामुळे नसांचे काम बिघडते आणि त्यातून बहुतेक सगळे रोग उद्भवतात, अशी त्यांची धारणा होती. ती विज्ञानाच्या कसोटीला उतरलेली नाही. म्हणून मधुमेह, दमा किंवा रक्तदाब मणके दाबून बरा करण्याचे आश्वासन कुणी देत असेल, तर तिथून सरळ उठावे. झटका दिल्यावर होणारा ‘कट्’ असा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकाएकी कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला, असे समजण्याचे कारण नाही. आराम मिळतो तो प्रामुख्याने आखडलेले स्नायू सैलावल्याने, सांध्याची हालचाल मोकळी झाल्याने आणि वेदनेची जाणीव काही काळ मंदावल्याने.

कंबरदुखीत याचा उपयोग किती, यावर बराच अभ्यास झालेला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक, मालीश आणि मणक्यांचा हस्तोपचार, म्हणजे हाताने दाब वा झटका देणे, असे पर्याय सुचवले. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये हा उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, एकटा देऊ नये, असे बजावले. जुनाट कंबरदुखीवरच्या 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात हा उपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांच्या तोडीचा ठरला, त्यांच्यापेक्षा सरस नव्हे. शिवाय नव्याने लचकलेली कंबर बहुधा काही आठवड्यांत आपोआपच सुधारते, हेही पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात असावे.

आता तपासणीविषयी. लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर कोणत्याही क्लिनिकचा विचार न करता त्याच दिवशी सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. तिथे तासांचा उशीरही महागात पडू शकतो. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन विनाकारण घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा स्कूटरवरून पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि संधिवातसदृश सांधेदाह (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्यांनी झटक्याचा उपचार घेऊ नये. आपल्याकडे आजी-आजोबांना प्रेमापोटी ‘एकदा दाखवून तर बघू’ म्हणून नेले जाते; त्यांच्या बाबतीत ठिसूळ हाडांची शंका आधी फेडून घ्यावी, कारण तरुण पाठीला सहज सोसणारा झटका त्यांचा मणका दबण्याला कारण होऊ शकतो.

उपचारक निवडताना शिक्षण कुठे झाले हे मोकळेपणाने विचारावे. भारतात या पद्धतीसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नसल्याने पाटीवरच्या शब्दांवर विसंबता येत नाही. फिजिओथेरपीची पदवी आणि हस्तोपचाराचे पुढचे प्रशिक्षण असलेली व्यक्ती मिळाली, तर मी तिलाच पसंती देईन.

पहिल्या भेटीतला बराचसा वेळ विचारपूस आणि परीक्षा यांत गेला पाहिजे. पाठीवर झोपवून सरळ पाय उचलून पाहणे, गुडघ्यावर हातोडी ठोकणे, पायाच्या अंगठ्याचा जोर आजमावणे, एवढे तरी व्हावे. मग कंबरेसाठी सहसा कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा दुमडतात, खांदा किंचित मागे वळवतात आणि कंबरेवर तळहात टेकवून हालचाल अडेल तिथपर्यंत हळूहळू नेतात. त्या टोकाला थांबून एक छोटा, वेगवान झटका दिला जातो. अंग सैल सोडून श्वास बाहेर टाकावा. झटक्याआधीच्या त्या ताणाने पायात कळ गेली, तर लगेच ‘थांबा’ म्हणावे. नंतर दिवसभर थोडे अंग दुखणे सामान्य आहे, आणि त्या दिवशी जड वजन उचलू नये.

मानेचा प्रश्न वेगळा आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतूनच वर जातात, आणि मान जोराने पिळल्यावर धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ही घटना विरळ असली, तरी तिची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. म्हणून मानेसाठी झटक्याऐवजी सांध्याची संथ, लयबद्ध हालचाल, स्नायूंचे मालीश आणि व्यायाम एवढेच मागावे. आपली संमती नसताना मानेला झटका देण्याचा अधिकार कुणालाही नाही. दाढी-कटिंगनंतर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची सवय तर आजच सोडावी. अचानक आणि पूर्वी कधीच न झालेली मानदुखी, त्यासोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे असे काही झाले, तर ते मान आखडल्याचे लक्षण मानू नये आणि रुग्णालय गाठावे.

दुखणे उतरल्यावर मिळालेल्या मोकळ्या दिवसांत चालणे वाढवावे आणि पोट व पाठ बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. माणिकरावांच्याच तालमीत घडलेले स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून आसनांचा शास्त्रीय अभ्यास केला. ज्यांना भुजंगासन, शलभासन जमते आणि सोसते, त्यांनी ते जाणत्याच्या देखरेखीखाली करावे. चार ते सहा भेटींत काहीच फरक पडला नाही, तर उपचार थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे जावे, आणि म्हणूनच वीस-तीस भेटींचे पॅकेज आगाऊ पैसे भरून कधीही घेऊ नये.