टक्के कशाचे, ते आधी विचारा

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धनला घरीच होते. कौलं उडाली, माजघरात पाणी शिरलं, मागची पोफळीची वाडी आडवी झाली. पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी वादळ-पुराच्या नुकसानीचा अंदाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करू लागले. संगणकात हजारो संभाव्य वादळं किनाऱ्यावर आणायची आणि प्रत्येकात विमा कंपनीला किती भरावं लागेल ते काढायचं, असं हे काम. नवी मुलं वाऱ्याच्या वेगाचं गणित आवडीनं शिकतात, पण पॉलिसीच्या अटी भरणं त्यांना कारकुनी वाटतं. महागात पडणाऱ्या चुका मी तिथेच पाहिल्या आहेत.

वजावट म्हणजे नुकसानीतला मालकानं स्वतः सोसायचा पहिला भाग. मर्यादा म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम. आता समजा, गुहागरच्या एका हॉटेलची विमा रक्कम ८० लाख, नुकसान ६ लाख आणि वजावट ५ टक्के. टक्के नुकसानीचे असतील तर मालकाचे ३० हजार जातात, विमा रकमेचे असतील तर ४ लाख! विमा काढलेल्या मालमत्तेची माहिती सॉफ्टवेअरला देण्यासाठी ओपन एक्सपोजर डेटा नावाचा ठरावीक फाइल-नमुना असतो, त्यात यासाठी वेगळा रकाना आहे: ० म्हणजे थेट रक्कम, १ म्हणजे नुकसानीचे टक्के, २ म्हणजे विमा रकमेचे टक्के. ५ टक्के ०.०५ असे लिहायचे. माझ्या पहिल्या फाइलमध्ये या रकान्यात ० राहिलं आणि वजावट झाली ०.०५ रुपये, म्हणजे पाच पैसे. सॉफ्टवेअरचा हिशेब व्यवस्थित पूर्ण झाला, कुठे चूक दाखवली नाही. मर्यादेच्या रकान्यात तर ० म्हणजे मर्यादाच नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त वेळ लागला. एकाच वादळात एका घराचं नुकसान सॉफ्टवेअर अनेकदा काढतं, कारण तेवढ्याच वाऱ्यात कधी चार कौलं जातात, कधी अख्खं छप्पर. दहापैकी नऊ वेळा १० हजार आणि एकदा ३ लाख १० हजार आले, तर सरासरी ४० हजार. वजावट ५० हजारांची असेल आणि ती सरासरीला लावली, तर कंपनीचा खर्च शून्य दिसतो. प्रत्येक निकालाला वेगळी लावली, तर त्या एका वेळेचे २ लाख ६० हजार उरतात, म्हणजे सरासरी २६ हजार. घर तेच, वादळ तेच. म्हणून अटी आधी लावायच्या, सरासरी नंतर काढायची.

अटी लावण्याचा क्रमही पॉलिसीतून वाचूनच ठरवा. नुकसान १२ लाख, वजावट १ लाख, मर्यादा १० लाख असेल तर वजावट आधी लावून १० लाख मिळतात, मर्यादा आधी लावून ९.

आणि इमारत व माल यांच्या मर्यादा एकत्र करू नका. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा एखाद्या दुकानाची इमारतीची मर्यादा ३० लाख आणि मालाची ५ लाख धरा. इमारतीचं नुकसान १ लाख, मालाचं ९ लाख. वजावट बाजूला ठेवली तरी दुकानदाराला ६ लाखच मिळतील. फाइलमध्ये ३५ लाखांची एकच मर्यादा भरली असेल, तर सॉफ्टवेअर १० लाख दाखवेल.