जुने वाहन-रेडिओ हॅमफेस्टला नेण्यापूर्वी

अमेरिकेत ओहायोतल्या झीनिया येथे दर मे महिन्यात हॅमव्हेन्शन, म्हणजे हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) लोकांचा मोठा मेळावा, भरतो. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात किंवा आपल्या गावाजवळच्या अशाच एखाद्या लहान मेळाव्यात, म्हणजे हॅमफेस्टमध्ये, वाहनांतून उतरवलेले जुने बिनतारी संच ज्यांना विकायचे आहेत, त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवतो आहे. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या बसताफ्यातून निघालेले बावीस संच मी घेतले, घासूनपुसून चकचकीत केले, त्यांतले एकोणीस एका सकाळीच विकले, आणि त्यांच्या मेमरीतले जुने चॅनेल मात्र तसेच राहू दिले. नुकताच परवाना मिळालेल्या एका मुलाने घरी संच जोडून पाहिला आणि सहज माइकचे बटण दाबले. तो ताफा अजून त्याच फ्रिक्वेन्सीवर होता, त्यामुळे मुलांना घरी सोडण्याच्या ऐन वेळी नियंत्रकाच्या पडद्यावर भंगारात गेलेल्या एका बसचा क्रमांक उमटला. ती बस कुठली आणि तिच्यात कोण आहे, हे शोधण्यात त्या माणसांची वीस मिनिटे गेली. म्हणून सगळ्यात आधी सांगतो, आणि पुढेही सांगत राहीन: मेमरी पुसल्याशिवाय संच घराबाहेर काढू नका.

माल घेताना मूळ मालकाकडून विक्रीची लेखी पावती घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. संच कोणता घ्यावा, याला मात्र वेळ द्यावा लागतो. अमेरिकेत 1 जानेवारी 2013 पासून 150 ते 174 आणि 421 ते 470 मेगाहर्ट्झमधल्या व्यावसायिक वापरकर्त्यांना 25 किलोहर्ट्झऐवजी 12.5 किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर जावे लागले, आणि ज्या संचांना अरुंद चॅनेल जमत नव्हते ते सगळे एका फटक्यात कालबाह्य ठरले. हौशी लोकांचे बहुतेक एफएम रिपीटर (संदेश ऐकून तो पुन्हा दूरवर पाठवणारे संच) आजही जुन्याच रुंद पद्धतीने चालतात, त्यामुळे टॅक्सीवाल्याला किंवा बसताफ्याला निरुपयोगी झालेला मोटोरोला मॅक्सट्रॅक किंवा जीएम 300 हॅमच्या गाडीत अजूनही चोख काम देतो. पण त्यासाठी संच योग्य पट्ट्याचा हवा. 146 ते 174 चा व्हीएचएफ संच दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे 144 ते 148 मध्ये, सहसा विनातक्रार चालतो; 449 ते 470 चा यूएचएफ संच 440 च्या आसपास आणायला कधीकधी आतली जुळवणी करावी लागते. 800 मेगाहर्ट्झचे ट्रंकिंग संच (ज्यांना चॅनेल मध्यवर्ती यंत्रणा वाटून देते) फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. क्रिस्टल घालून चालणारे फार जुने संचही संग्राहक सोडल्यास कोणी विचारत नाही. मॉडेल क्रमांकाची पट्टी टॉर्च लावून अक्षर न् अक्षर वाचावी, कारण बाहेरून सगळे संच सारखेच दिसतात आणि घेणाऱ्याला पट्ट्याबद्दल चुकीचे सांगणे म्हणजे त्याला फसवणेच आहे.

आता मुख्य काम. मॅक्सट्रॅक किंवा जीएम 300 यांची मेमरी बदलायला डॉस या जुन्या संगणकप्रणालीवर चालणारे प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर, खरा सिरियल पोर्ट असलेला जुना, संथ संगणक आणि संगणक व संच यांच्या मधला रिब नावाचा जोडणीचा डबा लागतो. वेगवान नव्या संगणकावर हे सॉफ्टवेअर अडखळते, आणि लिहिता लिहिता मध्येच तुटले तर संच मुका होऊन बसतो. सॉफ्टवेअर परवाना असलेलेच वापरावे आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला वाटू नये. वीजपुरवठा 13.8 व्होल्टचा आणि भक्कम हवा, कारण 40-45 वॉटचा संच बोलताना दहा अँपिअरच्या आसपास ओढतो.

पुसणे म्हणजे फक्त चॅनेलची यादी रिकामी करणे नव्हे, आणि इथेच माझ्यासारखी माणसे चुकतात. बटण दाबताच वाहनाचा क्रमांक पाठवणारी एमडीसी ओळख, स्कॅनची यादी, आणीबाणीचे बटण आणि टोन (आवाजासोबत जाणारे संकेतस्वर) या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात, त्यामुळे एक पान साफ झाले म्हणून दुसरे साफ होत नाही. संच पूर्ण रिकामा ठेवता येत नाही, त्यामुळे एकच चॅनेल ठेवावे. व्हीएचएफ संचावर मी हवामान खात्याचे 162.550 ठेवतो आणि प्रक्षेपणाची जागा कोरी सोडतो. असा संच ऐकतो, पण कितीही बटण दाबले तरी बोलत नाही, आणि गिऱ्हाइकाला टेबलावरच हवामानाचे बुलेटिन ऐकू आले की संच जिवंत आहे याची खात्री पटते. लिहून झाल्यावर संच बंद करून पुन्हा चालू करावा, मेमरी परत वाचून घ्यावी आणि पडद्यावर काय आले ते डोळ्यांनी पाहावे. ‘लिहिले आहे’ म्हणजे ‘लिहिले गेले आहे’ असे धरून चालू नये. प्रत्येक संचाचा अनुक्रमांक, पुसल्याची तारीख आणि परत वाचल्याची खूण वहीत लिहावी. वहीत खूण नसेल, तर तो संच पुसलेलाच नाही असे समजावे.

मागच्या बाजूच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांच्या खाचांत वर्षानुवर्षांची काळी धूळ बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशने निघते. मी ती निगुतीने काढली होती, आणि त्याच बाजूला चिकटवलेली बस क्रमांकाची डायमो पट्टी मात्र तशीच राहू दिली होती. ती पट्टीही काढावी. जुन्या मालकाची ओळख सांगणारे संचाच्या आत किंवा बाहेर काहीही उरता कामा नये.

आता चाचणी. अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड (लहरी हवेत न सोडता शक्ती जिरवून टाकणारा) आणि वॉटमीटर लावावा. प्रक्षेपण तपासायला हौशी पट्ट्यातली एक फ्रिक्वेन्सी तात्पुरती घालावी, संच पूर्ण शक्ती देतो का ते पाहावे, आणि मग ती काढून मेमरी पुन्हा वाचावी. या पायरीवरच तात्पुरते चॅनेल संचात राहून जाते. जो संच अर्धी शक्ती देतो त्यावर तसे स्पष्ट लिहून किंमत कमी करावी.

सोबतच्या वस्तूंत हँडमाइक, फ्यूजसह वीजतार आणि कंस असावा. मोटोरोलाच्या या संचांना अँटेनासाठी मिनी-यूएचएफ नावाची जोडणी असते आणि नवशिक्याकडे तिचा अडॅप्टर नसतो, तेव्हा पाच-सहा अडॅप्टर जवळ ठेवावेत.

परवान्याबद्दल. अमेरिकेत संच विकायला किंवा नुसता ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. टेक्निशियन या सुरुवातीच्या परवान्याच्या परीक्षेत 35 पैकी 26 उत्तरे बरोबर आली की झाले. तरीही गिऱ्हाइकाला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी ओळख) विचारावा, नसेल तर तसे वहीत लिहावे. ‘जीएमआरएसला (कुटुंबांनी वापरायच्या रेडिओ सेवेला) चालेल’ असे मुळीच सांगू नये, कारण त्या सेवेला अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या नियमांतल्या भाग 95 ची मंजुरी असलेलाच संच लागतो आणि व्यावसायिक संचांना बहुधा फक्त भाग 90 ची असते. एक आपल्या माणसांसाठी: पुण्या-मुंबईतला कोणी नातलग ‘येताना एक घेऊन ये’ म्हणाला तर नेऊ नका. भारतात असा संच नुसता बाळगायलाही परवाना लागतो, दोन मीटरचा पट्टा तिथे 144 ते 146 एवढाच आहे, आणि विमानतळावर अडकणारे तुम्ही असाल.

विक्रीच्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक अनुक्रमांकासमोर लिहून घ्यावा. माझ्या एकोणीस जणांपैकी चौदाच जण मला पुन्हा सापडले. उरलेले पाच संच त्या ताफ्याच्या फ्रिक्वेन्सीसह कुठे तरी आहेत, आणि ते आठवले की आजही मला बेचैन वाटते. टेबलावर डमी लोड जोडून ठेवावा, सुटे पैसे न्यावेत, पाऊस आला तर ताडपत्री असावी. टपालाने पाठवायचा संच दोन खोक्यांत, माइक वेगळा गुंडाळून द्यावा. उरलेले संच घरी आल्यावर पुढच्या वेळी ‘हे तर पुसलेलेच आहेत’ म्हणून थेट गाडीत टाकू नयेत; दिवसभर लोकांनी त्यांची बटणे दाबलेली असतात आणि एखाद्याने स्वतःची केबल लावूनही पाहिलेली असते. तेव्हा ते पुन्हा जोडावेत, पुन्हा वाचावेत आणि वहीत नवी खूण करावी.