शाकाहारी बान मी: व्हिएतनाममध्ये कशी शोधावी, कशी मागावी, घरी कशी करावी

व्हिएतनाममध्ये ‘बान मी’ म्हणजे मुळात नुसता पाव. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांबरोबर आलेला हा लांबट पाव तिथल्या भट्ट्यांत हलका आणि पातळ, कुरकुरीत कवचाचा झाला. पुढे १९५०च्या दशकात सायगॉनमध्ये (आजचं हो ची मिन्ह सिटी) त्यात सारण भरून हातात द्यायची पद्धत रुळली. १९५८ साली सुरू झालेलं ‘होआ मा’ हे त्या काळातलं नावाजलेलं दुकान. नेहमीच्या बान मीत डुकराच्या मांसाचे काप आणि काळजाचा (लिव्हरचा) पॅटे, म्हणजे पावाला फासायचा मऊ लगदा, असतो. सोबत अंड्याच्या बलकाचं पिवळं मेयॉनेज, गाजर-मुळ्याचं आंबट-गोड लोणचं, काकडी, कोथिंबीर आणि मिरची.

यातलं मांस काढून टाकायला सांगितलं की काम झालं, असं शाकाहारी प्रवाशाला वाटतं. तसं होत नाही. मांस नको म्हटलं तरी पॅटे फासला जातोच, कारण तो तिथे मांसात मोजला जाईलच असं नाही. वरून माशाच्या सॉसचे दोन थेंबही पडू शकतात. म्हणून ‘काय नको’ याची यादी सांगत बसू नका. एकच शब्द शिका: ‘चय’.

पहिली पायरी: शब्द ओळखा

‘चय’ म्हणजे बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण. पाटीवर तो रोमन लिपीत सी, एच, ए, वाय असा लिहिलेला असतो. त्यातल्या ‘ए’च्या वर किंवा खाली कोणतीही खूण नसावी. हे बारकाईने पाहाच. ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ असेल तर अर्थ होतो ‘जळणं’, आणि खाली टिंब असेल तर ‘धावणं’. मेनूवर एखाद्या पदार्थापुढे ‘बान चय’ असं टिंबासह लिहिलेलं दिसलं, तर तो शाकाहारी नाही. त्याचा अर्थ ‘भरपूर खपणारा’. बहुतेक वेळा तो मांसाचाच असतो.

उच्चार सपाट ठेवा. स्वर चढवू नका, पाडू नका आणि लांबवूही नका. ‘चाय’ म्हटलंत तर बाटली मागितल्यासारखं होईल. ‘मी शाकाहारी जेवतो’ यासाठी ‘तोय आन चय’ म्हणतात. याच्या उलट, मांसाहारी जेवणाला तिथे ‘मान’, म्हणजे ‘खारट’, असं नाव आहे.

दुसरी पायरी: दिवस आणि जागा निवडा

इथे आपलं पंचांग उपयोगी पडतं. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चय पाळतात. अमावास्या ज्या दिवशी संपते तो त्यांचा पहिला दिवस, आणि पंधरावा पौर्णिमेला किंवा तिच्या एक दिवस आगेमागे येतो. प्रवासाच्या तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात एवढं पाहून घ्या. एरवी मांस विकणारे काही विक्रेतेही त्या दोन दिवशी चय ठेवतात. सातव्या चांद्रमासातली पौर्णिमा, म्हणजे ‘वू लान’चा सण, तर पर्वणीच.

एरवी देवळांच्या आसपासच्या गल्ल्या आणि बाजाराची तोंडं धुंडाळा. काचेच्या गाडीवर ‘बान मी चय’ किंवा दुकानावर ‘कोम चय’ (चय भात) लिहिलेलं असतं. पाटीवर कमळ किंवा उलट्या दिशेचं स्वस्तिक दिसलं तर ती बौद्ध खूण समजा. हुए हे जुनं राजधानीचं शहर चय स्वयंपाकासाठी विशेष प्रसिद्ध आहे. सायगॉनमध्येही पर्याय भरपूर. पावाच्या गाड्या सकाळी लवकर लागतात आणि चांगला माल दुपारपर्यंत संपतो. गाडीवर एका बान मीला साधारण १५ ते ३० हजार डोंग पडतात.

तिसरी पायरी: मागताना

‘चो तोय मोत बान मी चय’, म्हणजे ‘मला एक चय बान मी द्या’. फक्त चय विकणारी गाडी असेल तर एवढं पुरे. मिश्र गाडी असेल तर सुरीकडे लक्ष द्या. पॅटे आणि मेयॉनेज फासायची सुरी एकच असते आणि ती पावापावाच्या मध्ये धुतली जात नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मिश्र गाडी टाळलेलीच बरी.

- माशाचा सॉस नको: ‘खोंग नुअक माम’
- अंडं नको: ‘खोंग त्रुंग’
- सोया सॉस चालेल: ‘नुअक तुअंग’ (उत्तरेत ‘सी झाउ’)

‘हॅम चय’, ‘कोंबडी चय’ अशी नावं वाचून दचकू नका. ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या प्रथिनाचे पदार्थ असतात. परंपरेनुसार चयमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मोठी सोय होते. मात्र जैन मंडळींनी गाजर-मुळ्याचं लोणचं वेगळं नाकारावं लागेल.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत मराठी माणसंही पुष्कळ आणि व्हिएतनामी दुकानंही पुष्कळ. तिथे ‘टोफू बान मी’ आणि ‘चय बान मी’ एकच धरू नका. टोफू माशाच्या सॉसमध्ये मुरवलेला असू शकतो आणि मेयॉनेजमध्ये अंडं असतं. दोन्ही विचारूनच घ्या.

चौथी पायरी: घरी करताना (४ पाव)

*लोणचं आधी.* गाजर आणि पांढरा मुळा प्रत्येकी १५० ग्रॅम, काडेपेटीच्या काडीएवढे चिरा. १ छोटा चमचा मीठ आणि २ छोटे चमचे साखर चोळून १० मिनिटं ठेवा. काडी दुमडली तरी मोडत नाही, इतकी लवचीक झाली की धुवा आणि घट्ट पिळा. ही पायरी वगळली तर भाजी नंतर पाणी सोडते, लोणचं फिकं पडतं आणि पाव भिजतो. अर्धी वाटी तांदळाचं व्हिनेगर, अर्धी वाटी कोमट पाणी, पाव वाटी साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र करून त्यात बुडवा. साधं पांढरं व्हिनेगर जास्त झोंबतं, तेव्हा त्याच्या एका भागाला दोन भाग पाणी घ्या. तासाभरात खाता येतं, पण दुसऱ्या दिवशी खरी चव येते. बरणी उघडताच मुळ्याचा उग्र वास येतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

*पॅटे.* २०० ग्रॅम बटण मशरूम बारीक चिरून २ मोठे चमचे तेलात १०–१२ मिनिटं परता. सुटलेलं पाणी पूर्ण आटलंच पाहिजे, नाहीतर चटणीसारखा पातळ लगदा होतो. पाव वाटी मूगडाळ शिजवून कोरडी करून घाला. त्यात २ छोटे चमचे सोया सॉस आणि अर्धा छोटा चमचा मिरपूड घालून वाटा.

*टोफू.* ३०० ग्रॅम घट्ट टोफू वजनाखाली २० मिनिटं दाबून ठेवा. एक सेंटिमीटर जाडीचे काप करून दोन्ही बाजूंनी ३–४ मिनिटं तांबूस तळा आणि बाजूला काढा. आता त्याच तेलात २ मोठे चमचे बारीक चिरलेला गवती चहा आणि एक लाल मिरची मिनिटभर परता. मग १ मोठा चमचा सोया सॉस, १ छोटा चमचा साखर आणि टोफू घालून घोळवा. गवती चहा टोफूसोबत सुरुवातीलाच टाकला तर करपून कडू होतो. शिवाय आपण चहात टाकतो ती पात इथे चालत नाही, दातांत अडकते. मुळाजवळचा पांढरट दांडा घ्या, बाहेरचे दोन थर काढून टाका आणि आतला कोवळा भागच चिरा. टोफूऐवजी पनीर घालू नये. दुधाचा गोडवा गवती चहाला दाबून टाकतो.

*पाव.* लादी पाव इथे उपयोगाचा नाही, तो लोणच्याचं पाणी लगेच पितो. मुंबई-पुण्यातला ब्रून पाव किंवा गोव्यातला उंडो घ्या. कवचावर पाण्याचा हात फिरवून १८० अंशांवर ५ मिनिटं तापवा. पाण्यामुळे कवच कुरकुरीत होतं आणि आतला भाग मऊ राहतो. एका बाजूने चिरा, दुसरी बाजू जोडलेली राहू द्या. आतला थोडा गर काढून टाका, म्हणजे सारणाला जागा होते.

*भरणं.* एका बाजूला पॅटे, दुसऱ्या बाजूला अंडंविरहित मेयॉनेज, दोन्ही अगदी कडेपर्यंत. तेलकट थर असला की ओल पावात उतरत नाही. मग गरम टोफू, लांब चिरलेली काकडी, पुन्हा एकदा पिळलेलं लोणचं, देठासकट कोथिंबीर, मिरचीचे काप आणि शेवटी सोया सॉसचे दोन-तीन थेंब. कोथिंबीर चिरू नका, अख्ख्या काड्याच ठेवा.

भरल्यावर १५ मिनिटांत खा. डब्यात न्यायची असेल तर लोणचं आणि काकडी वेगळ्या डबीत घ्या आणि खाताना भरा. पाव कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत वाफ धरते आणि कवच रबरासारखं होतं.