क्रेडिट कार्डाचा वेलकम बोनस घ्यावा का? अर्जाआधी करायचा हिशेब

नवं कार्ड घेणाऱ्याला बँक जे बक्षीस देऊ करते तो वेलकम बोनस. जाहिरातीत ‘२०,००० पॉइंट मोफत!’ असं ठसठशीत अक्षरांत छापलेलं असतं आणि ‘मोफत’च्या डोक्यावर एक बारीक चांदणी (*) असते, म्हणजे ‘अटी लागू’. वाचायला सुरुवात त्या चांदणीपासून करायची.

१. अटी वाचा. बोनस बहुधा ठरावीक दिवसांत ठरावीक खर्च केला तरच मिळतो. हे दिवस कार्ड मंजूर झाल्यापासून मोजतात की कार्ड सुरू केल्यापासून, ते पाहा. टपालात गेलेला आठवडा कुणाच्या खात्यावर, हे तिथेच कळतं. मग कुठला खर्च धरत नाहीत ती यादी काढा. एटीएममधून काढलेली रोकड, शुल्क, व्याज आणि बॅलन्स ट्रान्सफर (एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर नेणं) सहसा धरत नाहीत. बऱ्याच कार्डांवर वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं आणि इंधनही वगळलेलं असतं. घेतलेली वस्तू परत केलीत तर तेवढी रक्कमही वजा होते.

२. जुनी स्टेटमेंट काढा. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. मागच्या तीन महिन्यांचा खर्च समोर घ्या आणि कार्डाने भरता येईल तेवढ्यालाच खूण करा. समजा अट आहे ९० दिवसांत १,००,००० ची (चलन कुठलंही धरा) आणि खुणांची बेरीज येते ७०,०००. उरलेले ३०,००० कुठून आणणार? येऊ घातलेला विम्याचा हप्ता किंवा मुलांची फी असेल आणि ती अटीत बसत असेल, तर उत्तम. ‘बघू, काहीतरी घेऊच’ असं उत्तर असेल तर अर्ज करू नका. बँकेला नेमकं तेच हवं असतं.

हा मोह आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद पाकिटातून बोली लावायची होती. काहींना रोख भरायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकीट तेच होतं. आपण त्यातले नाही असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटायचं.

३. पॉइंटचा भाव काढा. २०,००० पॉइंट म्हणजे रोख २०,००० नव्हेत. तेच पॉइंट बिलात वळते केले तर एक भाव, कॅटलॉगमधला मिक्सर घेतला तर दुसरा, विमान कंपनीच्या माइल्समध्ये (तिकिटासाठी वापरायच्या तिच्या पॉइंटमध्ये) बदलले तर तिसरा. तुम्ही खरोखर ज्या वाटेने वापरणार आहात त्याच वाटेचा भाव धरा. वर्षातून एकदाही विमानात न बसणाऱ्याने माइल्सचा भाव धरून खूश होण्यात अर्थ नाही. पॉइंट कधी बाद होतात आणि वटवायला शुल्क आहे का, हेही याच वेळी बघून घ्या.

४. वजाबाकी करा. एका पॉइंटला ०.२५ मिळतात असं धरू. २०,००० पॉइंटचे झाले ५,०००. वार्षिक शुल्क करासकट १,५०० आणि वटवण्याचे १०० गेले की हातात राहिले ३,४००. हा खरा बोनस. आता मघाचे ३०,००० आठवा. गरज नसलेल्या ३०,००० च्या खरेदीवर ३,४०० मिळाले, म्हणजे खिशातून २६,६०० गेलेच.

५. व्याजाचा आकडा शेजारी लिहा. महिना ३.५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं; चक्रवाढीने वर्षाला ते ५१ टक्क्यांच्या वर जातं. खर्चातले नुसते ५०,००० दोन महिने थकले तरी व्याज ३,५०० च्या पुढे. बोनस गेला, वर पदरचे घालायची वेळ. शिवाय एकदा बाकी राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते ती दंड टाळण्यापुरती. व्याज थांबत नाही. आधीच एखाद्या कार्डावर बाकी असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि आधी ती फेडा.

गृहकर्ज काढायच्या बेतात असाल तरी थांबा. कार्डाच्या अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, चढते आणि बँका जो पाहतात तो क्रेडिट स्कोअर सहसा थोडा खाली येतो.

६. कार्ड आलं की. पहिल्याच दिवशी पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावा, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल. पर्यायांत ‘किमान रक्कम’ही असते, ती चुकून निवडली जात नाही ना ते बघा. अटीचा खर्च शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी संपवा. माझा एक बोनस असाच हुकला. शेवटच्या संध्याकाळी मोठं पेमेंट केलं, लगेच मेसेजही आला, पण व्यवहार खात्यात दोन दिवसांनी चढला. कस्टमर केअरवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, “सर, आम्ही पोस्टिंगची तारीख धरतो.” अटींत तसं लिहिलेलंही होतं, अकराव्या कलमात.

७. बोनस जमा झाल्यावर. पॉइंट साठवत बसू नका. बँक त्यांचा भाव कधीही कमी करू शकते. दुसऱ्या वर्षाचं शुल्क लागण्याच्या महिनाभर आधीची आठवण फोनवर लावून ठेवा. तोवर कार्ड रोजच्या वापरात शुल्काएवढं तरी देत नसेल, तर बँकेला फोन करून शुल्क माफ होतंय का विचारा. पुष्कळदा होतं. नाही म्हणाले तर उरलेले पॉइंट आधी वटवा, बाकी शून्यावर आणा, कार्ड बंद करायला सांगा आणि बंद झाल्याचं लेखी घ्या. पण बोनस मिळाल्या मिळाल्या कार्ड बंद केलं तर बोनस परत घेण्याचं कलम काही बँका ठेवतात. तेही त्या चांदणीखालीच सापडेल.