स्पीच थेरपिस्टची नोंदणी कशी तपासावी

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. अडीच-तीन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आईवडील येतात, तेव्हा बऱ्याचदा आधीच्या केंद्राची फाइल सोबत असते. त्यात आगाऊ भरलेल्या पॅकेजची पावती असते, पण थेरपी देणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून सांगते, पैसे भरण्याआधी आरसीआय नंबर मागा.

आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, पुनर्वसन क्षेत्रात काम करणाऱ्यांची नोंदणी करणारी परिषद. १९९२च्या कायद्यानुसार तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. केलं तर १ वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढ्याशा दंडाला कोण भिणार? म्हणूनच पालकांनी विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

नंबर विचारला की कुणी शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स दाखवतं. ते जागेचं आणि धंद्याचं झालं, माणसाच्या शिक्षणाचं नाही. तुमच्या मुलासमोर रोज जी व्यक्ती बसणार, तिचंच प्रमाणपत्र बघा. मालकांचं भिंतीवर लावलेलं असेल आणि थेरपी दुसरंच कुणी देत असेल, तर त्या दुसऱ्याचं मागा. त्यावरचं नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक आणि मुदत वाचा. नोंदणी कायमची नसते. नूतनीकरणासाठी परिषदेने मान्य केलेली प्रशिक्षणं करावी लागतात. मग परिषदेच्या वेबसाइटवर तोच नंबर शोधून नाव जुळतं का ते पाहा.

पात्रतेत बीएएसएलपी दिसलं तर ती ऐकणं आणि बोलणं या विषयांतली चार वर्षांची पदवी आहे, इंटर्नशिप धरून. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती शिकवतात. डीएचएलएस हा त्याच विषयांतला एक वर्षाचा डिप्लोमा. ही मंडळी मनापासून काम करतात, पण निदान आणि थेरपीची आखणी पदवीधराने करायला हवी. ‘इशा’ या व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व चांगलंच, मात्र तो परवाना नव्हे. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट तर मोजूच नका.

कागद ठीक निघाले तरी पहिल्या भेटीत एक गोष्ट बघा: ऐकण्याची तपासणी झाली का, हे त्यांनी विचारलं का? मूल बोलत नाही म्हटल्यावर त्याला ऐकू येतं का, हे आधी पाहावंच लागतं. नाव नोंदवहीत सापडलं नाही, तर पावती आणि जाहिरातीचा फोटो जोडून परिषदेकडे लेखी तक्रार करा.