पेशीतले प्रथिन नेमके कुठे आहे? अँटिबॉडीने स्टेनिंग करण्याची रीत

स्लाइडवर तपकिरी रंग आणायला फार काही लागत नाही. डीएबी हे तपकिरी रंग देणारे रसायन टाकून अर्धा तास विसरलात तर बहुतेक कोणतीही ऊती तपकिरी दिसेल. तो रंग ज्या प्रथिनासाठी अँटिबॉडी घातली त्याचाच आहे, हे दाखवता येणे म्हणजे खरे स्टेनिंग. म्हणून कामाला लागण्यापूर्वीच किती स्लाइड लागतील ते मोजून घ्या.

उदाहरण घेऊ स्तनाच्या गाठीच्या पॅराफिन ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीचे. शोधायचे प्रथिन आहे इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ईआर. शिकण्यासाठी हे उदाहरण फार चांगले, कारण ईआर पेशीच्या केंद्रकात असते. रंग केंद्रकात आला तर तो विचारात घ्यायचा. फक्त पेशीद्रवात आला तर संशय घ्यायचा. शिवाय गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांतल्या काही पेशींत ईआर असतेच, त्यामुळे त्याच सेक्शनमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या पातळ कापात, एक आयता कंट्रोल (तुलनेचा नमुना) मिळतो. टॅमॉक्सिफेनसारखे औषध रुग्णाला द्यायचे की नाही हे या स्लाइडवर ठरते, तेव्हा घाईला इथे जागा नाही.

चार स्लाइड तरी हव्यातच. एक तपासणीची. दुसरी त्याच ब्लॉकची, पण प्रायमरी अँटिबॉडीऐवजी (ईआरला चिकटणारी ती प्रायमरी; प्रायमरीला चिकटून रंग आणते ती सेकंडरी) नुसते बफर किंवा तेवढ्याच प्रमाणात त्याच प्राण्याची, ईआरसाठी न बनवलेली आयजीजी (साधी अँटिबॉडी) घातलेली. तिसरी, ईआर नक्की असलेल्या ऊतीची. चौथी, ईआर नक्की नसलेल्या ऊतीची. संशोधनात त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या, तर त्यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. अँटिबॉडीत तिचाच पेप्टाइड (प्रथिनाचा ज्या तुकड्यावरून ती बनवली तो) मिसळून रंग घालवणे हा प्रकार बरेच जण पुरावा म्हणून दाखवतात, पण त्यातून एवढेच कळते की अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते. ऊतीत ती आणखी कशाला चिकटली, हे त्यातून कळत नाही.

फिक्सेशन, म्हणजे ऊती टिकवणे: बिघाड बहुतेक इथेच होतो

ऊती शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मलिन १० टक्के, न्यूट्रल बफर्ड. म्हणजे त्यात फॉर्माल्डिहाइड साधारण ४ टक्के. ऊतीच्या किमान १० पट, जमल्यास २० पट फॉर्मलिन घ्या. फॉर्मलिन आत शिरते ते साधारण तासाला १ मिलिमीटर या संथ चालीने, म्हणून मोठी गाठ अखंड बुडवून ठेवू नका. तिचे ४–५ मिलिमीटर जाडीचे काप करा. ईआरसाठी फॉर्मलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास ठेवावे. त्याहून कमी ठेवले तर मधला भाग कच्चा राहतो, पुढे प्रोसेसिंगमधल्या अल्कोहोलने तो वेगळ्याच रीतीने घट्ट होतो, आणि कडेला रंग, मध्ये कोरे असा फसवा नमुना दिसतो. जास्त ठेवले तर प्रथिनांत आडवे बंध इतके वाढतात की अँटिबॉडीला आपली जागाच सापडत नाही.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे कापा आणि पॉलि-एल-लायसिन किंवा सिलेनचा लेप असलेल्या स्लाइडवर घ्या. स्तनाच्या ऊतीत चरबी भरपूर असते, त्यामुळे साध्या काचेवरून सेक्शन पुढे हमखास सुटतो. सेक्शनखाली पाणी राहू देऊ नका. स्लाइड उभी करून निथळा, मग ६० अंशांवर एक तास किंवा ३७ अंशांवर रात्रभर सुकवा.

मेण काढणे आणि उष्णता देणे

झायलीन ५ मिनिटे, दोनदा. मग अल्कोहोल १०० टक्के दोनदा, ९५ टक्के, ७० टक्के, प्रत्येकी २–३ मिनिटे, आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी. सेक्शनवर कुठे पांढुरके डाग दिसले तर मेण उरले आहे. स्लाइड परत झायलीनमध्ये न्या. इथून डीपीएक्सपर्यंत, म्हणजे शेवटी कव्हरस्लिप चिकटवेपर्यंत, सेक्शन एकदाही सुकता कामा नये.

फॉर्मलिनने बांधलेली प्रथिने उष्णतेने पुन्हा मोकळी करता येतात, हे १९९१ साली मायक्रोवेव्ह वापरून दाखवले गेले, आणि पॅराफिनमधले जुने ब्लॉकही या तपासणीत आले. बफर दोन वापरात आहेत. सायट्रेट, पीएच ६: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम एका लिटरला. ट्रिस-ईडीटीए, पीएच ९: ट्रिस १.२१ ग्रॅम आणि ईडीटीए ०.३७ ग्रॅम एका लिटरला. दोन्हींत ट्वीन-२० हा डिटर्जंट अर्धा मिली. ईआरसाठी पीएच ९ बहुधा जास्त स्वच्छ रंग देतो. तरी आपल्या क्लोनच्या (अँटिबॉडीच्या प्रकाराच्या) माहितीपत्रकात काय दिले आहे ते आधी पाहा आणि नव्या क्लोनला दोन्ही बफरमध्ये करून बघा.

वॉटर बाथमध्ये ९५ ते ९८ अंश, २० मिनिटे. बफर आधी तापू द्या, स्लाइड मग घाला. वॉटर बाथ नसेल तर घरगुती प्रेशर कुकरही उत्तम चालतो: उष्णता सोसणाऱ्या बरणीत बफर आणि स्लाइड, बाहेर पाणी, आणि पूर्ण दाब आल्यावर २ ते ३ मिनिटे. वेळ शिट्ट्यांवर मोजू नका. हा कुकर पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. नंतर स्लाइड त्याच बफरमध्ये २०–३० मिनिटे निवू द्या. गरम स्लाइड थेट नळाखाली धरली की सेक्शन सुटतो, आणि रंगही असमान येतो.

अँटिबॉडी

धुण्यासाठी टीबीएस हे बफर: ट्रिस ६.०५ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ८.७६ ग्रॅम, एक लिटर पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.६, वर ट्वीन-२० अर्धा मिली. यात सोडियम अझाइड अजिबात नको. सेकंडरीला जोडलेल्या आणि डीएबीला तपकिरी करणाऱ्या पेरॉक्सिडेज या विकराचे काम अझाइड बंद पाडते, आणि मग सगळे बरोबर करूनही स्लाइड कोरी राहते.

ऊतीतले, मुख्यतः लाल पेशींतले, स्वतःचे पेरॉक्सिडेज ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने १० मिनिटांत शांत करा. ३० टक्के बाटलीतले एक भाग, पाणी नऊ भाग, ताजे बनवा. धुवा. सेक्शनभोवती पॅप पेनने (द्रव अडवणाऱ्या पेनने) रेघ ओढा. मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ज्या प्राण्यात सेकंडरी अँटिबॉडी तयार केली आहे त्याचा सीरम, उदाहरणार्थ शेळीचा, ५ टक्के, अर्धा तास. हा सीरम झटकून टाका, धुऊ नका.

प्रायमरी १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) घातलेल्या टीबीएसमध्ये, एका सेक्शनला १०० ते २०० मायक्रोलिटर. खोलीत एक तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. नवी बाटली उघडली की १:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशा पाच स्लाइड करा. माहितीपत्रकातले प्रमाण ही फक्त सुरुवात असते. सगळ्यात गडद स्लाइड निवडायचा मोह होतो. निवडायची ती, जिच्यात केंद्रक आणि पार्श्वभूमी यांतला फरक सर्वाधिक आहे.

स्लाइड ठेवायच्या ओल्या डब्याचा तळ सपाट आहे का ते पाहा. कललेल्या स्लाइडवर द्रव एका कडेला जातो, दुसरी कड सुकते आणि तिथे तपकिरी पट्टा येतो. प्रोटोकॉलमधले खोलीचे तापमान म्हणजे २० ते २५ अंश. एसी बंद असलेल्या खोलीत मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला यातले काहीच लागू पडत नाही. तिथे ४ अंशांचाच पर्याय घ्यावा.

टीबीएसने तीनदा, ५–५ मिनिटे धुवा. पेरॉक्सिडेज जोडलेली सेकंडरी, शक्यतो पॉलिमर प्रकारची, ३० मिनिटे. यकृत आणि मूत्रपिंडात नैसर्गिक बायोटिन भरपूर असते आणि उष्णतेने ते आणखी उघडे पडते, म्हणून तिथे बायोटिनच्या आधारे रंग आणणारी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन पद्धत टाळलेली बरी. उंदराच्या ऊतीवर उंदराची प्रायमरी वापरली तर सेकंडरी ऊतीतल्या सगळ्याच उंदीर-आयजीजीला पकडते. तिथे सशाची प्रायमरी घ्या.

पुन्हा तीनदा धुऊन डीएबी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहा. बहुधा २ ते १० मिनिटांत काम होते. पॉझिटिव्ह कंट्रोलवर वेळ ठरवा आणि सगळ्या स्लाइडना तेवढीच द्या. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून हातमोजे घाला आणि उरलेले सिंकमध्ये ओतू नका, घातक कचऱ्याच्या बाटलीत टाका.

मग केंद्रके निळी करणारे मेयरचे हिमॅटॉक्सिलिन अर्धा ते एक मिनिट, निळे होईपर्यंत नळाचे पाणी, चढते अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स. ईआर केंद्रकात असल्याने गडद निळ्याखाली फिका तपकिरी हरवतो, आणि कमी पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरू शकतो. हिमॅटॉक्सिलिन फिकेच ठेवा.

स्लाइड वाचताना

आधी कंट्रोल पाहा, मग तपासणीची स्लाइड. पॉझिटिव्ह कंट्रोलच कोरा असेल तर चूक पद्धतीत आहे: सशाच्या प्रायमरीला उंदराविरुद्धची सेकंडरी लावली, उष्णतेची पायरी राहिली, डीएबी जुने झाले, किंवा बफरमध्ये अझाइड होते. कंट्रोल छान पण तपासणीच्या स्लाइडवर गाठ आणि निरोगी नलिका दोन्ही कोऱ्या असतील तर तो निकाल निगेटिव्ह म्हणून देऊ नका. फिक्सेशन बिघडलेले असते, दुसरा ब्लॉक मागवा. प्रायमरी न घातलेल्या स्लाइडवरही तपकिरी आले तर पेरॉक्सिडेज नीट दाबले गेले नाही किंवा सेकंडरी चिकटते आहे. तिथे बारीक काळपट दाणे असतील तर ते आम्लधर्मी फॉर्मलिनचे रंगद्रव्य किंवा मेलॅनिन असू शकते. मृत भाग, घड्या आणि कडा मोजणीत घेऊ नका.

गाठीच्या १ टक्का किंवा अधिक केंद्रकांत रंग असेल तर ईआर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्क्यांना अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणून वेगळे नोंदवायला सांगतात.

वाढवलेल्या पेशी असतील तर

अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला, तेव्हापासून चालत आलेली ही पद्धत. वर दिलेला पेरॉक्सिडेजचा मार्ग १९६६ चा, पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स या संशोधकांचा. हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी, ०.१७ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे १.५ नंबरच्या कव्हरस्लिपवर वाढवा आणि ५० ते ७० टक्के भरल्या की घ्या. गर्दी झाली तर पेशी एकमेकींवर चढतात आणि जागा ठरवता येत नाही.

४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड १०–१५ मिनिटे, मग ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन (पेशीचे पटल सच्छिद्र करणारा डिटर्जंट) १० मिनिटे. किंवा उणे २० अंशांचे मिथेनॉल ५–१० मिनिटे. यात ट्रायटन लागत नाही. सूक्ष्मनलिकांना मिथेनॉल छान, पण अ‍ॅक्टिन फॅलॉइडिन या त्याला चिकटणाऱ्या रसायनाने पाहायचे असेल तर मिथेनॉल चालणार नाही, कारण अ‍ॅक्टिनची घडण मोडते आणि फॅलॉइडिन चिकटत नाही. पटलातली प्रथिने ट्रायटनने विरघळून जाऊ शकतात, तिथे ०.१ टक्के सॅपोनिन घ्या. सॅपोनिनचा परिणाम धुतला की जातो, म्हणून ते पुढच्या प्रत्येक बफरमध्ये हवे.

उरलेले अल्डिहाइड बांधायला ०.३ मोलर ग्लायसीन, मग १ टक्का बीएसए अर्धा तास. प्रायमरी एक तास, तीनदा धुणे, चमकणारी सेकंडरी १:५०० किंवा १:१००० अंधारात ४५ मिनिटे. केंद्रकांसाठी डॅपी हा निळा रंग १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ५ मिनिटे. अँटिफेडमध्ये (चमक टिकवणाऱ्या द्रवात) बसवा आणि न घट्ट होणारा अँटिफेड असेल तर कडा नेलपॉलिशने बंद करा.

दोन प्रथिने एकत्र पाहायची असतील तर दोन्ही प्रायमरी वेगवेगळ्या प्राण्यांच्या हव्यात, आणि एकेकच रंग दिलेली स्लाइड दोन्ही फिल्टरखाली बघा. हिरवा लालमध्ये झिरपत असेल तर तिथेच दिसतो. नुसत्या सेकंडरीच्या स्लाइडवर कॅमेऱ्याचा एक्स्पोजर ठरवा आणि उरलेल्या सगळ्या स्लाइडना तोच ठेवा. ऑटो एक्स्पोजर बंद, कारण तो रिकाम्या स्लाइडलाही उजळवतो. स्लाइड ४ अंशांवर अंधारात ठेवा आणि फोटो शक्यतो आठवड्याच्या आत घ्या.