मनाली ते लेह, दोघांनी आणि एका कामासाठी : निघण्यापूर्वीची तयारी

रोहतांगमार्गे मनाली ते लेह हे अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर आहे. वाटेत रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर), नकी ला, लाचुंग ला आणि तंगलंग ला (५,३०० मीटरहून अधिक) अशा पाच खिंडी लागतात. पती-पत्नींनी हा प्रवास सायकलवरून आणि एखाद्या संस्थेसाठी (उदाहरणार्थ, मुलींना सायकली देणाऱ्या) निधी उभा करण्याकरिता करायचे ठरवले, तर तयारीची सुरुवात सायकलपासून न करता निधीच्या आवाहनापासून करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. तंगलंग ला येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. थकलेल्या आणि प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूला साधा निर्णयही जड जातो, आणि त्यात शेकडो माणसांना दिलेला शब्द पाठीशी असला की माघार घेणे आणखीच अवघड होते. म्हणून जे जे घरी बसून ठरवता येईल ते घरीच ठरवावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

आवाहनात 'दर किलोमीटरमागे इतके रुपये' अशी मागणी करू नये. ती आकर्षक वाटते आणि देणाऱ्यालाही त्यात मौज असते, परंतु वाटेवरच्या सर्चू या उंच मुक्कामी तंबूत डोके ठणकत असताना 'अजून अडीचशे किलोमीटर राहिले, म्हणजे मुलींच्या इतक्या सायकली कमी होतील' हा हिशेब मनात येणे धोक्याचे आहे. देणगी प्रवासाच्या निमित्ताने आहे, लेहला पोहोचण्याच्या अटीवर नाही, आणि आम्ही अर्ध्यातून परतलो तरी रक्कम संस्थेच्या कामालाच जाईल, हे वाक्य आवाहनाच्या पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहावे. दुसरे वाक्य खर्चाविषयी असावे : प्रवास, निवास, जेवण आणि सायकलींचा सर्व खर्च आम्ही स्वतः करत आहोत, देणगीतील एक रुपयाही त्यासाठी वापरला जाणार नाही. हे लिहिण्याची वेळ येऊ नये असे वाटते खरे, पण देणाऱ्याच्या मनात हा प्रश्न असतोच आणि तो विचारण्याचा संकोचही असतो.

संस्था निवडताना ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतात का आणि देणगीदाराला ८०जी म्हणून परिचित असलेली करसवलत मिळते का, हे आधी पाहावे. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती लागू होत नाही, हे देणगीदारांना अगोदर सांगितलेले बरे. पैसे आपल्या वैयक्तिक खात्यात किंवा आपल्या यूपीआय क्रमांकावर मुळीच घेऊ नयेत. ते थेट संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती संस्थेनेच द्यावी. परदेशातील नातेवाइकांच्या बाबतीत अधिक काळजी लागते. भारतीय नागरिकत्व कायम असलेला अमेरिकेतील भाचा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो, मात्र अमेरिकी नागरिक झालेल्या मावशीची देणगी परकीय ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे परकीय देणग्यांची नोंदणी असावी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते.

हंगामाची निवड पुढची. सीमा रस्ते संघटना बर्फ हटवून हा मार्ग साधारणपणे मे-जूनमध्ये खुला करते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा बंद होऊ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मनाली-रोहतांग पट्ट्यात पाऊस व दरडी, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात रात्री शून्याखाली जाणारा पारा, यांतून निवड करायची असते. मला ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ योग्य वाटतो, कारण तोवर पावसाचा जोर ओसरत आलेला असतो आणि वाटेवरचे तंबूंचे ढाबेही अजून उठलेले नसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून बहुतेक अवजड वाहने त्यातून जातात, त्यामुळे रोहतांगचा जुना रस्ता सायकलस्वारांसाठी अधिक शांत झाला आहे. शिवाय हा चढ शरीराला उंचीची पहिली ओळख करून देतो, म्हणून तो टाळू नये.

मुक्कामांची आखणी हा या तयारीचा गाभा आहे आणि त्याला एक संध्याकाळ नव्हे, अनेक संध्याकाळी द्याव्यात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, हा वैद्यकीय संकेत सर्वमान्य आहे. या रस्त्यावर तो तंतोतंत पाळता येत नाही, कारण तंबू कुठे मिळतात यावर मुक्काम ठरतो, पण शक्य तितका पाळावा. मढी, कोकसर किंवा सिस्सू, केलाँग आणि जिस्पा असे हळूहळू पुढे जावे. केलाँग किंवा जिस्पा येथे एक पूर्ण दिवस थांबावे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आणि झिंगझिंगबार ४,२०० मीटरच्या वर असल्यामुळे एका दिवसात ही उडी न घेता मध्ये पटसेऊला रात्र काढावी. त्यानंतर बारालाचा ओलांडून सर्चू, गाटा लूप्सची एकवीस वळणे चढून नकी ला आणि लाचुंग ला, मग पांग, मोरे मैदान, तंगलंग ला आणि रुमत्से. सायकलीचे दहा ते बारा दिवस आणि त्याखेरीज दरडी, आजारपण किंवा बंद रस्त्यासाठी राखीव दोन-तीन दिवस धरून रजा मागावी. परतीचे विमान इतके घट्ट बांधू नये की त्याच्यासाठी एखादा मुक्काम गाळावा लागेल.

नकाशा पुढे ठेवून एक गोष्ट दोघांनीही नीट समजून घ्यावी. विरळ हवेचा त्रास झाल्यास खाली उतरणे हाच खरा उपाय असतो, पण सर्चू आणि पांग या मुक्कामांवरून नुसते उतरून सुटका होत नाही. सर्चूहून मनालीकडे यायचे तर आधी बारालाचा चढावा लागतो आणि लेहकडे जायचे तर नकी ला व लाचुंग ला. पांगहून पुढे मोरे मैदान ४,५०० मीटरच्या वरच पसरलेले आहे आणि त्याच्या टोकाला तंगलंग ला आहे. याचा अर्थ असा की सर्चूला पोहोचण्यापूर्वी, झिंगझिंगबारच्या तंबूतच, दोघांची तब्येत तपासून पुढे जायचे की नाही हे ठरवावे. जेवण जात नसेल आणि डोकेदुखी थांबत नसेल तर तेथून जिस्पाजवळच्या दारचाकडे सरळ उतार आहे. त्यापुढे तसा उतार मिळत नाही, वाहनच गाठावे लागते. त्यामुळे मिळेल त्या ट्रकमध्ये किंवा टॅक्सीत बसण्याइतकी रोख रक्कम दोघांच्याही खिशात वेगवेगळी असावी. सर्चू आणि पांग येथे लष्कराचे तळ आहेत, संकटात तेथे मदत मागायला संकोचू नये.

प्रत्यक्ष नियम घरीच लिहावेत. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा विलक्षण थकवा असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला, बसल्याजागी धाप लागली किंवा खोकल्याबरोबर फेस येऊ लागला, तर रात्र असली तरी खाली निघायचे. सकाळ-संध्याकाळ एकमेकांना भूक, झोप, डोके आणि श्वास यांबद्दल विचारावे आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचे बोट लावत सरळ रेषेत दहा पावले चालून दाखवावीत. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर जवळ असावे, पण आकडा चांगला दिसतो म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. परतण्याचा निर्णय ज्याची तब्येत बरी असेल त्याने घ्यावा, आणि आजारी पडलेल्याचे 'मी ठीक आहे' हे म्हणणे त्या क्षणी गृहीत धरू नये. एक परतला तर दुसराही परतणार, हेही आधीच ठरलेले असावे. जोडीदाराला गाडीत बसवून स्वतः 'देणगीदारांसाठी' पुढे जाण्याचा विचार कितीही उदात्त वाटला, तरी तो मला मान्य नाही.

डॉक्टरांकडे दोघांनी एकत्र जावे आणि निदान तीन महिने आधी जावे, म्हणजे रक्तदाब, हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडमध्ये काही निघाले तर उपचाराला वेळ राहतो. डायमॉक्स या नावाने मिळणारे असेटाझोलामाइड घ्यायचे की नाही, किती आणि केव्हा, हे त्यांनाच विचारावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगावे, आणि गोळी सुरू करायची ठरल्यास पहिली मात्रा घरी घेऊन पाहता येईल का, तेही विचारावे. पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर उंचीवरील वास्तव्याच्या संदर्भात त्यांचाही विषय काढावा, आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर हा प्रवास पुढे ढकलावा. पाळीच्या काळासाठीचे साहित्य पुरेसे न्यावे, कारण केलाँगनंतर ते मिळेलच असे नाही, आणि वापरलेले परत आणण्यासाठी बंद होणाऱ्या पिशव्याही घ्याव्यात. विम्याची पॉलिसी घेताना साहसी खेळ आणि उंचीची मर्यादा यांविषयीची कलमे वाचावीत. अनेक पॉलिसी नेमके हेच वगळतात.

सरावासाठी चार ते सहा महिने हवेत. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना सिंहगड, पसरणी, वरंध, आंबेनळी असे उत्तम घाट हाताशी आहेत. सुरुवातीला रिकाम्या सायकलीने, पण अखेरच्या दोन महिन्यांत सामानाच्या पिशव्या लावून आणि सलग दोन-तीन दिवस सराव करावा, कारण दुसऱ्या दिवशीच्या सकाळी शरीर काय सांगते त्यावरून खरी तयारी कळते. उंचीची सवय मात्र महाराष्ट्रात होत नाही. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे मनाली गावही त्याच्याहून उंच. घाटात दमदार चढणारा माणूस बारालाचावर सुरक्षित राहील असे मुळीच नाही, उलट वेगाने वर जाण्याची त्याची ताकदच त्याला त्रासात घालू शकते.

सरावात दोघांच्या वेगातील फरकही स्वीकारावा. तो बोलून मिटत नाही, सामानाच्या वाटणीने बराचसा मिटतो : जो सहज पुढे जातो त्याच्याकडे तंबू, चूल आणि भांडी द्यावीत. चढावर जो हळू आहे त्याने पुढे असावे, आणि प्रत्येक ढाब्यावर व प्रत्येक नाल्यापाशी थांबून एकत्र यावे. तरीही मधे काही किलोमीटरांचे अंतर पडेलच असे धरून पंप, एक ट्यूब, पाणी, खाऊ, वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि हातमोजे प्रत्येकाकडे स्वतंत्र असावेत. दोघांत एकच पंप नेण्याची काटकसर या रस्त्यावर करू नये.

सायकलीत पुढचे सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राएवढे किंवा त्याहून लहान असावे, म्हणजे भरलेल्या सायकलीवर पाय न उतरवता चढता येते. टायर निदान ४० मिलिमीटर रुंद असावेत. ब्रेकचे नवे पॅड, जास्तीचे स्पोक, साखळीचा जोडदुवा, डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, गिअर व ब्रेकच्या केबल आणि तेलाची बाटली घ्यावी, कारण मनाली सोडल्यावर लेहपर्यंत दुरुस्तीचे दुकान मिळेल हे गृहीत धरता येत नाही. वितळत्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत आणि नंतर साखळीला तेल द्यावे. खोगीर ज्याचे त्याने आपल्या मापाचे घ्यावे व ते सरावात रुळवावे.

कपड्यांची बाब सोपी आहे : थर हवेत, सुती बनियन नको, आणि उतारावर थंडी चढापेक्षा अधिक वाजते हे ध्यानात ठेवावे. गडद चष्मा, ओठांचे मलम आणि सनस्क्रीन यांना पर्याय नाही.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे भात-डाळ साध्या भांड्यात शिजत नाही. ढाब्यांवर कुकर असतो, आपल्याजवळ नसतो. म्हणून गरम पाण्यात भिजून तयार होतील असे पातळ पोहे, सातूचे पीठ आणि सोबत मेतकूट न्यावे. भूक मरते तेव्हा राजगिऱ्याची वडी, खजूर आणि घरचे लाडू पोटात जातात. पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या घालून प्यावे, आणि तहान लागेपर्यंत थांबू नये.

जिस्पा-दारचाच्या पुढे मोबाइलच्या सिग्नलचा भरवसा धरता येत नाही आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड कार्डे चालत नाहीत, तेव्हा एकाकडे तरी पोस्टपेड जोडणी हवी. उपग्रहावर चालणारी दूरध्वनी अथवा संदेशयंत्रे आपल्याकडे विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे, परदेशातून कोणी भेट दिली तरी ती सोबत नेऊ नयेत. घरच्यांना आणि संस्थेला मुक्कामांची यादी द्यावी, मधले काही दिवस फोन येणार नाही हे निक्षून सांगावे, आणि कोणत्या तारखेपर्यंत निरोप आला नाही तर चौकशी सुरू करायची ती तारीखही लिहून द्यावी. देणगीदारांना रोजचे छायाचित्र पाठवण्याचे वचन देऊ नये, सिग्नल शोधत थांबण्याने मुक्काम चुकतो. लेहच्या सोनम नुर्बू स्मृती रुग्णालयाचे नाव त्या यादीत असावे.

सायकली विमानाने चंदीगडपर्यंत नेणार असाल तर खोक्यात बांधताना डावे पेडल उलट्या दिशेने सुटते हे लक्षात ठेवावे, टायरमधील हवा कमी करावी, पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवावी आणि चुलीचा गॅस सोबत न घेता मनालीत घ्यावा. लेहला खोकी मिळवण्याची व्यवस्था आधीच फोनवरून करून ठेवावी. संस्थेला मात्र निघण्यापूर्वीच एक तारीख द्यावी : परतल्यावर महिन्याभरात जमा रक्कम आणि तिचा विनियोग प्रत्येक देणगीदाराला लेखी कळवला जाईल, आणि ते पत्र कोण लिहिणार, संस्थेचे कार्यालय की आपण दोघे, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.